लेकीच्या घरची भाकर

मलकापूर,
ता. ९ डिसेंबर १९६३

ती. बाबांस,

अन्नपूर्णेचा नमस्कार. साष्टांग घालायचा तर पाय समोर असावे लागतात, आणि तुमचे पाय परवा आमच्या ओट्यावरूनच माघारी फिरले, म्हणून हा उभ्या उभ्याच. आम्ही इकडे खुशाल आहोत. ह्यांच्या शाळेची सहामाही झाली, घरभर पोरांचे इंग्रजीचे पेपर पसरलेत. थंडी बरी आहे. पुष्पावहिनीचं बाळ अंग धरतंय ना? कडूभाऊच्या कोबीला बुलढाण्याच्या बाजारात काय भाव लागला ते कळवा. झालं, खुशालीचं लिहून झालं. आता मला भांडायचं आहे.

वहिनी, तू हे पत्र बाबांना वाचून दाखवशील तेव्हा मधलं गाळू नको. तू गाळतेस हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात मी ‘हट्टी’ लिहिलं होतं, ते तू ‘थकलेले’ असं वाचलंस म्हणे. कडूभाऊनं सांगितलं. ह्या खेपेला ‘हट्टी’हून कडक पुष्कळ येणार आहे, तेवढं नीट वाच.

बाबा, परवा तुम्ही आलात ते डोळे दाखवायला. पहाटेची एस.टी. धरून, घाट उतरून, डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन. वांगी काय, मेथी काय, सांभाराच्या हिरव्यागार जुड्या काय, अर्धा मळा उचलून आणलात. ती टोपली माझ्या हातात दिलीत, तोंड भरून म्हणालात, “कवळे वांगे हायेत पूर्णा, आजच कर.” मी केली. तेल सोडून, खोबरं-शेंगदाणे वाटून, तुम्हाला आवडतात तशी मसाल्याची भरली. ताट वाढलं, पाट मांडला, आणि तुम्ही ओट्यावर फडकं सोडून बसलात. त्यात घरून आणलेली भाकर, ठेचा अन् कांदा.

आता मला सांगा, वांगी तुमच्या मळ्यातली. तुमच्या हातानं खुडलेली. माझ्या दारातून आत गेली आणि चुलीवरून उतरली तर ती एकदम बाटली का? मी विचारलं तर तुम्ही म्हणता, “लेकीले लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं अन्नपानी घेऊ नाई. रीत हाय.” रीत मला ठाऊक आहे. कन्या दान केली, दिल्या घरचं परत खाऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकते. पण बाकीच्या बापांची ही रीत वर्षा-दोन वर्षांत फिटते, बारशाच्या घुगऱ्या खाऊन मोकळे होतात. तुमची आमच्या लग्नापासून चालू आहे. आणि तुम्ही ती पाळता तीही अशी भर रस्त्यावर!

पाणीसुद्धा घेतलं नाहीत. समोरच्या सोजराबाईच्या दारात जाऊन तांब्या मागितलात. ती बाई म्हणजे मलकापूरचं वर्तमानपत्र. तिनं साऱ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, “काऊन हो बुवा, लेकीच्या घरी नळाले पानी नाई का?” आणि तुम्ही, धन्य तुमची, काय म्हणालात? “हाय ना माय, पन माह्यासाठी नाई.” मग ती माझ्याकडे वळली. “काऊन वं अन्नपूर्णाबाई, अजून काहीच नाई का?” मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत गेले. चुलीवर दूध वगैरे काही नव्हतं.

त्या विषयावर मला काही लिहायचं नाही. ते असो.

तुम्हाला दिसलं की नाही कोण जाणे, पण ह्यांनी आपलं ताट उचललं आणि तुमच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले. हायस्कुलातला मास्तर, रस्त्यात मांडी घालून! तुमच्या फडक्यावर तुमची भाकर, ह्यांच्या ताटात माझी. तुम्ही आपल्यातली अर्धी मोडून ह्यांना दिलीत, ती ह्यांनी मुकाट खाल्ली. ह्यांनी आपल्यातलं वांगं तुमच्यापुढे केलं तर तुम्ही हात असा मागे घेतलात जसा काही विंचू दिसला. माझं नाव अन्नपूर्णा कोणी ठेवलं हो? तुम्हीच ना?

त्या दिवशी मी इतकी चिडले की अभ्यासाला बसले तरी अक्षर दिसेना. मी मार्चमध्ये मॅट्रिकला बाहेरून बसते आहे, हे मागे लिहिलंच होतं. इंग्रजीचा धडा काढला तर त्यात पहिल्याच ओळीत शब्द आला, ‘कंपॅनियन’. मी ह्यांना विचारलं, म्हणजे काय? हे म्हणाले, सोबती. मग ह्यांना उमाळा आला. ह्यांना शब्दांचं वेड आहे हे तुम्ही जाणता. एकदा सुरू झाले की पातेलं करपलं तरी थांबत नाहीत. म्हणाले, हा शब्द एकट्या इंग्रजांचा नाही. फ्रेंचांकडे आहे, इटलीत आहे, स्पेनमध्ये, पोर्तुगालात आहे, जरा जिभेच्या फरकानं. मूळ लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे बरोबर, ‘पानिस’ म्हणजे त्यांची भाकर. जे बरोबर बसून भाकर खातात ते कंपॅनियन. आपला पावही त्याच पानिसाच्या घरातला, पोर्तुगिजांबरोबर गलबतातून उतरलेला. आणि ज्याला आपण ‘कंपनी’ म्हणतो तोही त्यातूनच निघाला.

मी म्हटलं, वा! कंपनी सरकार आलं ते आपल्याबरोबर भाकर खायला आलं होतं होय? आणि आपल्या गावात कापसाच्या जिनांच्या पाट्यांवर ‘अमुक आणि कंपनी’ लिहिलेलं असतं, ते भागीदार कधी एका पंगतीला बसलेले पाहिलेत? हे हसले. म्हणाले, शब्दाचा काय दोष, माणसं विसरतात.

पण बाबा, मला तो शब्द काही केल्या सोडीना. सगळ्या युरोपातल्या लोकांना, एकमेकांच्या उरावर बसून लढाया करणाऱ्या लोकांना, सोबती कोण हे सांगायला भाकरच आठवली. रक्त नाही आठवलं, गोत्र नाही आठवलं. आणि माझा सख्खा बाप माझ्या ओट्यावर पाठ फिरवून जेवतो.

बरं, हे सगळं मी गिळलंही असतं, आजवर गिळतच आले. पण आता प्रश्न तुमच्या डोळ्यांचा आहे. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही घरी सांगितलं नसणार, म्हणून वहिनी, तूही ऐक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. संक्रांतीनंतर इथल्या धर्मशाळेत शिबिर आहे, तेव्हा काढून घेतला तर दिसेल. नाहीतर आत फुटून नजर कायमची जाईल, मग कोणी आला तरी काही करू शकायचा नाही. पुढलं शिबिर कधी, त्यांनाही ठाऊक नाही. ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उताणं पडून राहायचं आणि जेवण ज्याचं त्यानं घरून आणायचं. तिथून सोडलं की पट्ट्या निघेपर्यंत आमच्याकडे राहायचं. हे सगळं ऐकून तुम्ही डॉक्टरांसमोर मान हलवलीत आणि बाहेर येऊन मला म्हणालात, “नाई जमत पोरी. तुह्या घरी कसा राहू म्या?” आणि दुपारच्या गाडीनं परत!

वहिनी बाळंतीण, तिला इथं येऊन राहता येत नाही. कडूभाऊ मळा सोडू शकत नाही. म्हणजे मीच. तेव्हा माझं म्हणणं नीट ऐका. तुमची रीत मोडू नका. तुमची ज्वारी पाठवा, तुमची तुरीची डाळ पाठवा, तुमचं ताट-तांब्या पाठवा. पाणी मी सार्वजनिक विहिरीवरून आणीन, आमच्या नळाला शिवणार नाही. ह्यांना मी विचारलं, त्या लॅटिन शब्दात भाकर कोणाची ते लिहिलंय का? म्हणाले, नाही, फक्त बरोबर खायची एवढंच आहे. मग झालं तर. तुमची तुम्ही खा, आमची आम्ही खाऊ.

उत्तर लवकर पाठवा. हो म्हणून पाठवा.

तुमची,
पूर्णा


मलकापूर,
ता. २३ डिसेंबर १९६३

ती. बाबांस,

नमस्कार. आज तोही हात राखून करते आहे.

तुमचं उत्तर मिळालं. वहिनीनं गुळगुळीत करून लिहिलं होतं, पण मला मतलब कळला. पीठ तुमचं, डाळ तुमची, पाणी विहिरीचं, सगळं मान्य. मग काय? तर, “चूल तं तिचीच ना.”

ठीक आहे म्हटलं. कडूभाऊ कोबी घेऊन इथल्या बाजाराला आला तेव्हा त्याच्याजवळ निरोप दिला, बाबांची देऊळघाटची शेगडी पाठवा, कोळसेही तिकडचेच पाठवा. त्यावर निरोप काय आला? “हात तं तिचेच ना.”

बाबा! हात माझे कुठून आले हो? तुमच्याच घरी फुटले ना ते? ह्याच हातांनी आई गेल्यावर दोन वर्षं तुम्हाला भाकर थापून घातली. त्या भाकरी कच्च्या निघायच्या, एका बाजूनं जळायच्या, तरी तुम्ही म्हणायचात, “मस्त हाय बे पोट्टे.” तेव्हा चालत होते हे हात. लग्नात तुम्ही ते पाणी सोडून दुसऱ्याच्या हातात दिले, आणि आता त्यांना विटाळ झाला. मी कपाळाला हात लावला, तर तोही माझाच निघाला.

आणि दशम्यांचं काय काढलंत? म्हणे वहिनी दुधात मळून ढीगभर दशम्या करून देईल, त्या टिकतात, त्या पुरवून पुरवून खाईन. मी पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारून आले. ते माझ्याकडे बघतच राहिले. चावायचंच नाही, बाबा. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मान वळवायची नाही आणि दात चावायचे नाहीत, जोर आला की टाके तुटतात. गव्हाच्या कण्यांची थुली, मऊ भात, वरणाचं पाणी. तेही ताजं, गरम, आणि दुसऱ्या कोणीतरी चमच्यानं भरवायचं, कारण तुमचे डोळे बांधलेले असणार. दशमी घेऊन काय करणार आहात, उशाला ठेवणार?

ह्यांची मात्र गंमत चालली आहे. शाळेत नागपूरचे कोणी प्राध्यापक आले होते, त्यांच्याकडून आणखी एक खबर घेऊन आले. म्हणाले, अगं, तो शब्द रोमन लोकांचाही मूळचा नसावा. उत्तरेकडे गॉथ नावाचे रांगडे लोक होते, फौजेत भरती होणारे, त्यांच्या बोलीत ‘एका पावाचे’ असा शब्द होता, एका तंबूत एक पाव वाटून खाणाऱ्या शिपायांसाठी. त्याचं रोमन लोकांनी आपल्या भाषेत जसंच्या तसं करून घेतलं असं बऱ्याच पंडितांना वाटतं; काहींना नाहीही वाटत. मी म्हटलं, म्हणजे पुण्याच्या लोकांनी आपलं वऱ्हाडी उचलून ग्रंथात घालावं तसं झालं. हे म्हणाले, अगदी तसं. एवढे खूश झाले की पेपर तपासायचे सोडून मला मिठाचा डबा कुठे आहे ते विचारायला लागले, चहा मी करतो म्हणून. चहात मीठ पडायचं राहिलं थोडक्यात.

मग मी विचारलं, आपला शब्द कोणता हो? सोबती ना? तर म्हणे तो अरबांच्या ‘सोहबत’वरून आलेला. घ्या! आपल्याकडे सोबतीसुद्धा उसना. आपल्या बोलीत भाकरीवरून शब्द केला नाही कोणी. केला असता तर ओट्यावर वेगळं बसून जेवणं कदाचित तुम्हाला जड गेलं असतं.

मी उगीच विनोद करते आहे. मला विनोद सुचत नाहीये बाबा, मला भीती वाटते आहे. कडूभाऊ सांगत होता, तुम्ही परवा मळ्यात पाटाचं पाणी समजून कोरड्या सरीत पाय टाकलात आणि पडलात. भेंडी समजून आंबाडी खुडत होतात. मळ्यात मजुरीला येणाऱ्या शेवंताच्या पोराला कडूभाऊ समजून हाक मारलीत. हे त्यानं हसत हसत सांगितलं, मला काही हसू आलं नाही.

तुम्ही वहिनीच्या हातून शेवटी लिहवून घेतलं आहे, “पाळना हलू दे, मग म्या स्वता येऊन महिना महिना जेवतो.” ते मी दहादा वाचलं. हलला नाही तर? हे तुम्ही कधी मनात आणलंय का? लोक विचारतात ते मी सोसते, सोजराबाई काय, शाळेतल्या मास्तरणी काय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला मागच्या रांगेत बसवणाऱ्या काय. पण तुम्ही न विचारता विचारता. दर वेळेला ओट्यावर फडकं सोडून साऱ्या जगासमोर विचारता. त्यापेक्षा एकदा तोंडानं विचारा, मी तोंडानं उत्तर देईन.

नाही, विचारू नका. पत्र मोठ्यानं वाचलं जातं, तिथं कोण कोण बसलेलं असतं.

शिबिराला नावं नोंदवायची मुदत संपत आली आहे. मी तुमचं नाव घातलं आहे. तुम्हाला न विचारता घातलं. रागवायचं तर इथं येऊन रागवा.

तुमची,
पूर्णा


देऊळघाट,
ता. ३० डिसेंबर १९६३

चि. पूर्णाबाईस आशीर्वाद. हे पत्र पुष्पा लिहून राह्यली, बोल माहे हायेत. म्या तिले सांगतलं, एकही बोल इकडचा तिकडं करू नको.

बाई, तू रागानं लिहितं, ते म्या सारं ऐकलं. तुही माय अशीच बोले, मले बरं वाटलं. पन तुले एक समजून नाई राह्यलं. तुले वाटते म्या रितीपाई अडून बसलो. रीत गेली चुलीत. कडूच्या सासऱ्यानं त्याच्या लेकीच्या घरी पहिल्याच सनाले आपल्या इथं पुरनपोई हादडली, म्या काही बोललो का त्याले?

माही गोठ अलग हाय. तुहं लगन झालं तवा म्या देवाजवळ बोललो होतो, लेकीच्या घरचा पहिला घास नातवाच्या बारशाचा. बोललो तं बोललो. दोन वरसं गेले, चार गेले. माह्या मनात आलं, आता म्या पूर्णाच्या ताटावर बसलो, तं देव वरून पाहीन अन् म्हनन, पुंजाजीनं आस सोडली. बापानंच सोडली तं म्या कायले देऊ? म्हनून म्या बसत नाई. तुह्या ओट्यावर माही भाकर मले काही गोड लागत नाई, बाई. घास फिरते तोंडात. वांग्याचा वास येऊन राह्यला होता आतून. पन म्या म्हनतो, आपन उपाशी हावो हे त्याले दिसलं पाह्यजे.

डोळे गेले तं जाऊ दे. सत्तरी जवळ आली, पाह्यचं ते पाहून झालं. दोन डोळ्याइच्या बदल्यात तुह्या घरी एक लेकरू येत असन, तं हा सौदा महाग नाई.

जावईबापूले सांग, ओट्यावर बसले ते मले लय मोठं वाटलं. त्याइचा तो भाकरीचा शब्द मले पटला. शिबिरातलं नाव काढून टाक.

बाबा

(वन्सं, मी सगळं त्यांच्या तोंडचंच लिहिलं आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून दोन ठिकाणी शाई पसरली आहे. पुष्पा)


मलकापूर,
ता. ४ जानेवारी १९६४

बाबा,

वहिनी, हे पत्र वाचताना दार लावून घे. कडूभाऊ असला तरी चालेल, तू असणारच, बाकी कोणी नको. आणि काही आलं तरी थांबू नको, शेवटपर्यंत वाच.

बाबा, तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ‘सौदा’पर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना, ते ह्यांनी वाचलं. मग मला तुमचा असा राग आला, असा राग आला की मी भांडी घासायला बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही नागपूरला गेलो होतो. तुम्हाला कळवलं होतं की ह्यांच्या मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. लग्न नव्हतं. मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं. मग दोघांना समोर बसवून सांगितलं की मला मूल होणार नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही, नवस नाही. मी विचारलं, काहीच नाही? त्या म्हणाल्या, खोटी आशा देणं मला जमत नाही. चांगल्या होत्या बाई. पाठीवरून हात फिरवला.

ह्यांना त्यांच्या घरच्यांनी दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळ सांगितलं. हे म्हणाले, मला एक पुरे. पुढे त्या विषयावर आमच्यात एकदाही वाकडा शब्द झाला नाही. पहिलं वर्ष मी फार रडले. मग मॅट्रिकचं डोक्यात घेतलं. आता मी रडत नाही. जेवते, झोपते, सिनेमाला जाते, ह्यांच्याशी शब्दांवरून वाद घालते. चांगलं चाललंय आमचं बाबा, खरं सांगते.

तुम्हाला का नाही सांगितलं? कोणी ऐकेल म्हणून नाही. ते मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. तुम्ही वाट बघत होतात म्हणून नाही सांगितलं. टोपली घेऊन यायचात, आत डोकावून बघायचात, माझ्या तोंडाकडे बघायचात, आणि मग गप ओट्यावर जाऊन फडकं सोडायचात. मला वाटायचं, बाबांची आस मी कशी मोडू? तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहत होतात आणि मी तुमच्यासाठी तोंड शिवून बसले होते. काय शहाणे बापलेक आहोत आपण! डोंबल शहाणे!

बाबा, तुम्ही ज्या सौद्यात डोळे लावले आहेत तो सौदाच नाही. समोर घेणारा कोणी नाही. तुमचे डोळे जातील आणि बदल्यात काही येणार नाही, फक्त एक आंधळा म्हातारा येईल, आणि तो माझा बाप असेल, आणि मला सगळा जन्म वाटत राहील की ते माझ्या पोटापायी झालं. लोकांनी वांझ म्हटलं ते मी सोसलं. हे मला सोसवायचं नाही. तुम्ही माझ्यावर हे आणू नका.

आणि दुसरं, हे मी ह्यांच्याजवळसुद्धा बोलले नाही. मी आशा सोडली असं वरच्या लिहिण्यावरून वाटेल, ते पुरतं खरं नाही. ह्यांनी सोडली. माझी सुटत नाही, कारण तुम्ही धरून बसलात. तुम्ही ओट्यावर बसलात की मला वाटतं, बाबा अजून थांबलेत म्हणजे अजून काहीतरी व्हायचं राहिलंय. आणि तुम्ही गेलात की चार-चार दिवस मी महिन्याचे दिवस मोजत बसते, वेड्यासारखी, त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं असूनही. तुम्ही सोडलीत तर मला सोडता येईल. माझ्या एकटीच्यानं नाही होत.

देवाशी बोललात त्याचं ओझं माझ्यावर टाका. त्याला म्हणावं, लेकीनं बोल सोडवून घेतला. तो विचारायला आला तर माझ्याकडे पाठवा, मलाही त्याला पुष्कळ विचारायचं आहे.

शिबिर सोळा तारखेला आहे. नाव मी काढलेलं नाही. हे चौदाला संध्याकाळी देऊळघाटला येतील, संक्रांतीचा तीळगूळ तुमच्याकडेच घेतील, आणि पंधराला सकाळच्या गाडीनं तुम्हाला घेऊन येतील. वहिनी, पीठ देऊ नको, डाळ देऊ नको, शेगडी नको, दशम्या तर मुळीच नको. फडकं रिकामं ठेव. दुपारपर्यंत पोचाल. मी थुली करून ठेवीन, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी असल्यामुळे त्या दिवशी चावायला हरकत नाही, म्हणून वांगीही करीन. बाजारातली असतील, तुमच्या मळ्यातल्यासारखी कवळी नसतील, चालवून घ्या. तुमचा पाट आत, ह्यांच्या पाटाशेजारी, आणि माझा तुमच्या समोर. नंतर डोळे बांधले की मी भरवीन.

बाबा, आस सोडा, आणि जेवायला या.

तुमचं लेकरू,
पूर्णा